मंत्रीसाहेबांच्या तोंडाचा पंखा

मी हातपंखा बोलतोय. विजेचा नाही, पुठ्ठ्याचा. खाली एक चपटी काडी, तिला दोन पिना ठोकलेल्या. ओळख करून देताना मला मान खाली घालावीशी वाटते, कारण माझ्या अंगभर एका माणसाचं तोंड छापलंय. हसरं, दात दिसणारं.

किंग्स्टनच्या बंदराजवळच्या छापखान्यात माझा जन्म झाला. निवडणूक जवळ आली होती, म्हणून टॅमरिंड यार्ड या वस्तीचे खासदार हेपबर्न साहेब यांनी आमचे गठ्ठे छापून थेट चर्चमध्ये पाठवले. रविवारी प्रवचन रंगात आलं की बायका घामाने निथळायच्या आणि देवाच्या दारात ओळीने हेपबर्न साहेब हलायला लागायचे. तेव्हा मला त्याचा मोठा तोरा होता, खोटं कशाला बोलू?

मी मिस इसिल्डाच्या वाट्याला आलो. वस्ती तिला मिस इसी म्हणते. शाळेच्या फाटकाशी केळ्याचे तळलेले काप विकायचे आणि ओडेन नावाच्या नातवाला वाढवायचं, एवढाच तिचा संसार. कढईसमोर ती मला हलवत बसायची. तेलाचे डाग अजून आहेत माझ्यावर.

वस्ती म्हणायला साहेबांची, पण चालायची दादाच्या शब्दावर. भांडण दादा मिटवायचा, पोरांना बूट-दप्तर दादा द्यायचा आणि मतदानाच्या दिवशी घराघरातून माणसं बाहेर काढायचाही दादाच. साहेब निवडून यायचे ते असे. मग अमेरिकेने दादाला मागितलं. बंदुकांचा आणि नशेच्या मालाचा खटला आहे, म्हणाले, आमच्या ताब्यात द्या. ताब्यात द्यायचं तर कायदामंत्र्याची सही लागते आणि कायदामंत्री कोण, तर माझ्या अंगावरचे हेच साहेब. सही काही केल्या होईना. आज वकिलांचं मत यायचंय, उद्या कायदा तपासायचाय, असं करत महिने गेले.

त्यातच पक्षाची माणसं दारोदार फिरली. बायकांनो, पांढरे कपडे घाला आणि दादासाठी रस्त्यावर उतरा. मिस इसीने चर्चचा पांढरा झगा काढला. निघताना ओडेनला म्हणाली, "दादाने तुला बूट घेतले ना रे? मग घरात काय बसतोस? जा, पोरांबरोबर उभा राहा जरा."

पोर गेलं. वस्तीच्या तोंडाशी जुने फ्रीज आणि टायर रचून रस्ता अडवला होता, तिथे पाणी वाटायला लागलं. शेवटी साहेबांची खुर्ची डळमळायला लागली तशी सही झाली आणि सैनिक वस्तीत शिरले. दादा मागच्या गल्लीतून सटकला, पुढे कधीतरी धरला गेला. ओडेन मात्र त्या फ्रीजपाशीच पडला होता. रेडिओवर सांगितलं की त्याच्या हातात बंदूक होती.

दफन झाल्यावर मिस इसीने त्याचा फोटो कापला आणि खळ लावून माझ्या पाठीवर चिकटवला. पुढे साहेब, मागे ओडेन. तेव्हापासून मला माझ्याच पुढच्या बाजूची लाज वाटते.

मग चौकशी आयोग बसला. पक्षाच्या मतांसाठी सही अडवली का, हा सवाल. रमच्या दुकानात टीव्हीपुढे अख्खी गल्ली. मिस इसी मात्र निघाली आयोगाच्या सभागृहात. शेजारीण मर्सेला म्हणाली, "अगं, तुझ्यासाठी काय तिथे पायघड्या घातल्यात?"

"पोराकडे बंदूक नव्हती, एवढं साहेबांच्या तोंडून ऐकते आणि येते."

दारावर पहारेकऱ्याने मला पाहिलं. "आजी, पक्षाचा प्रचार आत चालणार नाही."

"प्रचार कसला, बाळा? हे तर साहेब आहेत. ते आतच बसलेत की."

"नियम आहे, आजी."

तिने मला उलटं केलं. "आणि हा? याचं तर मतदानाचं वयही झालं नव्हतं."

त्याने बाजूला होऊन वाट दिली.

आत थंडगार वारा सुटलेला, माझी गरजच नव्हती. तरी ती मला हलवत राहिली, ओडेनची बाजू साहेबांकडे करून. सही थांबवा असं कोण म्हणालं? "आठवत नाही." पक्षाच्या बैठकीत काय ठरलं? "आठवत नाही." मग वस्तीच्या वकीलबाईंनी विचारलं, "ओडेन फ्रँकलिन. या मुलाला आपण ओळखत होतात?"

साहेबांनी आमच्याकडे पाहिलं. नक्की पाहिलं. पाण्याचा घोट घेतला. "आठवत नाही."

तेच दात, तोच भांग. मला वाटलं, कुणीतरी मला तिथेच फाडून टाकावं.

अहवाल आला. निर्णय चुकला, पण गैरव्यवहार दिसत नाही. रमच्या दुकानात लोक पोट धरून हसले. मिस इसी घरी पीठ मळत होती.

आणि पुन्हा निवडणूक. साहेब आमच्या घराच्या फाटकाशी हजर, मागे माणसं नव्या पंख्यांचे खोके घेऊन.

"मिस इसी! गुडघा काय म्हणतोय तुमचा? तो डावाच ना? आणि आंबा अजून धरतो का? मागे तुम्ही मला खारा मासा वाढला होता, विसरलो नाही मी."

ती पायरीवर बसली होती. तिने मला फिरवलं. "आणि हा कोण, साहेब?"

साहेबांचा आवाज मऊ झाला. "ओडेन. मीच तर त्याला क्रिकेटचा कप दिला होता. डावखुरा. गुणी पोर हो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पाणी वाटत होता बिचारा, बंदूक कुठली त्याच्याकडे?"

तिचा हात थांबला. हेच ऐकायला ती सभागृहात गेली होती.

"त्याला तिथे मी पाठवलं, साहेब," ती म्हणाली. "मला रोज आठवतं. घास उतरत नाही, इतकं आठवतं. तुम्हाला तर माझा गुडघासुद्धा आठवतो. मग त्या साक्षीच्या खुर्चीत बसल्यावर काय झालं होतं?"

साहेबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. इतकी वर्षं ते तोंड वागवतोय, पण मिटलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. एका माणसाने नवा पंखा पुढे केला. "नको," ती म्हणाली, "आहे तोच जड झालाय."

पुढच्या फाटकाशी मर्सेला उभी होती. साहेब नुसतेच "नमस्कार" म्हणाले. नाव घेतलं नाही.

आता मी चुलीजवळच्या खिळ्याला असतो. साहेब भिंतीकडे, ओडेन घराकडे. दमट हवेने पुठ्ठा फुगलाय, फार दिवस टिकणार नाही. छापखान्यात कुणी ओळखीचं असेल तर माझं एवढंच मागणं सांगा: पुढचे पंखे कोरे ठेवा. वारा तेवढाच येतो.