जाळीवरचा हार

मैदानावर जुन्या बस चार होत्या, माणसे एकशे सोळा, मोठ्या भिंगाचे कॅमेरे एकोणचाळीस, झेंडूचे हार बावीस आणि पाण्याची बादली एक. मोबाइल मी मोजले नाहीत. मित्रांनो, त्या चारांपैकी डावीकडून तिसरी, तांबडी, ती मी.

माझा जन्म १९८४ सालचा. अंगावर पत्रे चढले, आत चव्वेचाळीस आसने लागली आणि मी नांदेडहून किनवटला धावू लागले. वसतिगृहातली मुले, मोहाच्या फुलांची पोती, टोपलीतल्या कोंबड्या, माहेरी निघालेल्या लेकी, सगळ्यांना मी पोचवले. तेव्हा माझा फोटो कोणी काढला नाही. पण प्रत्येक फेरीआधी कोणीतरी माझे पाणी बघत असे. पुढे माझा लिलाव झाला, मालक बदलले आणि शेवटी लातूरबाहेर औसा रस्त्यालगतच्या एका प्लॉटवर मी नऊ वर्षे उभी राहिले. शेळ्या माझ्या सावलीत बसून लेंड्या टाकत. त्याची मला कधी किळस आली नाही.

किळस आली ती या मैदानावर.

प्लॉटचे मालक उमाशंकर यांनी जुन्या बसची फेरी ठरवली होती. त्यांनी मल्लिनाथ मिस्त्रींना सरळ सांगितले होते, "आठ किलोमीटर. आपल्या इंजिनावर परत आली तर चालती ठेवू. न्हाई तर इंजिन भंगारात, आन् डबा प्लॉटवरच्या नव्या वसाहतीच्या बागेत, सेल्फीला."

मिस्त्री अकरा महिने माझ्यासाठी राबले. त्यांची बायको केवळाबाई रोज बॅटरीचा उजेड धरून शेजारी बसत. इंजिन बोलू लागले तेव्हा दोघांनी माझ्या पायरीवर चहा घेतला.

आणि आता? एका फोटोवाल्याला मी पुरेशी जुनी दिसेना. त्याने माझा चांगला रंग पॉलिशपेपरने खरवडला आणि वर गेरू फासला, गंज दिसावा म्हणून! खरा गंज दाराखाली होता. तो त्याने पुठ्ठ्याने झाकला. माझ्या आसनांवर कोणीतरी अत्तर फवारले. एकजण पायरीवर उभा राहून गुटखा थुंकला आणि त्याने त्याच पायरीला हात लावून नमस्कार करतानाचा फोटो काढून घेतला.

शेवटी माझ्या तोंडावरच्या जाळीवर स्वागताचा फ्लेक्स ताणून बांधला आणि त्यावर सात हार. मित्रांनो, त्या जाळीतून वारा आत जातो आणि इंजिनचे पाणी गार राहते. एवढे त्या एकशे सोळांपैकी दोघांना ठाऊक होते.

"साहेब, जाळी मोकळी ठेवा. गाडी तापते," मिस्त्री म्हणाले आणि फ्लेक्स सोडून बाजूला ठेवला.

"बिनाहाराची गाडी सोडतेत का मिस्त्री? अपशकुन हाय!" उमाशंकर हसले. मिस्त्री स्टिअरिंगवर चढले, तोवर त्यांच्या नकळत पुढे सगळे पुन्हा बांधून झाले होते. उंच आसनावरून जाळी दिसत नाही.

फेरी सुरू झाली. वर ड्रोन भुणभुणत होता. तिसऱ्या किलोमीटरला तापमानाचा काटा नव्वदवर, पाचव्याला अठ्ठ्याण्णववर. साडेपाच किलोमीटरवर माझ्या तोंडातून वाफ सुटली. मिस्त्रींनी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केले.

मागच्या जीपमधून उमाशंकर ओरडले, "थांबता कशाला? अडीचच राहिलं! वाफेत फोटो लई भारी येऊ लागलेत!"

"इंजिनाचं हेड फुटंल तिचं."

"मग भंगारातच जाईल. शब्द म्हंजे शब्द!"

"जाऊ द्या. पर माझ्या हातानं न्हाई फुटायचं."

केवळाबाई खाली उतरल्या. जाळीकडे बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "नवरीला नटवलं आन् नाकात बोळे कोंबले! अवो, सुरी द्या इकडं."

हार तुटले, फ्लेक्स गटारात गेला. फोटोवाल्यांनी वाफेचे फोटो काढले आणि पुढच्या बसमागे निघून गेले. उमाशंकरही गेले. तापल्या इंजिनात गार पाणी ओतले तर तडा जातो, म्हणून दोघे बाभळीखाली बसून राहिले. मग केवळाबाईंनी जवळच्या बोअरवरून कळशीने पाणी आणले. मिस्त्रींनी ते इंजिन चालू ठेवून धारेधारेने आत सोडले.

मित्रांनो, जुन्या यंत्राला हार घालण्याआधी ते श्वास कुठून घेते, ते विचारा. उत्तर देणारा माणूस बहुधा जवळच उभा असतो, हाताला काळे तेल लागलेला.

आम्ही परतलो तेव्हा मैदानावर मंडप सोडत होते. उमाशंकरांनी माझ्याकडे पाहिले, मग किलोमीटरच्या आकड्याकडे.

"येळ लई लागला, मिस्त्री."

"येळेचं तुमी बोलला नव्हता."

उमाशंकरांनी फेरीच्या कागदावर माझ्यापुढे लिहिले: अंतर आठ किलोमीटर, वेळ दोन तास चार मिनिटे, इंजिन चालू, पाण्याचे तापमान ब्याऐंशी अंश.