मोरीवरची राणी

“ती मराठीत हाक मारते,” व्यंकोजी म्हणाला आणि मुद्दाम थांबून त्याने कॉफीचा घोट घेतला.

महामहम तळ्याच्या कोपऱ्यावर रिक्षावाले कडुलिंबाच्या सावलीत उभे होते. बोलणं तमिळमध्येच चाललं होतं. घराचा उंबरा ओलांडला की व्यंकोजी तमिळच बोले. त्याचा बाप आणि आजाही तसेच.

“मराठीत?” जयकुमार म्हणाला. “भुताला मराठी कुठून येणार?”

“तंजावरच्या राजवाड्यातली राणी आहे ती. मग काय इंग्रजीत मारेल हाक?”

सगळे हसले.

“म्हणजे तुझ्या नात्यातलीच की, राजा!” जयकुमारने टोमणा मारला. व्यंकोजी हे नाव राजाचं आहे असं कुणीतरी सांगितल्यापासून स्टँडवर सगळे त्याला राजाच म्हणत. “वहिनींना माहीत आहे का हे?”

“हस, हस. पट्टीश्वरमच्या वाटेवर भर दुपारी कालव्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसते. न्हालेली, केस मोकळे, पाणी टपकतंय. ‘थांबा हो’ म्हणते. ज्याला ते कळत नाही तो पुढे जातो आणि वाचतो. ज्याला कळतं तो थांबतो. थांबला की संपला.”

आता कुणी हसलं नाही. जयकुमारने तोंडातलं पान थुंकलं आणि गळ्यातला ताईत चाचपला.

त्या मोरीवर काहीतरी आहे, ही गोष्ट जुनीच होती. कधीतरी कुणाची रिक्षा तिथे कालव्यात उलटली होती आणि दारूचं नाव नको म्हणून त्याने बाईचं नाव घेतलं होतं. राणी, ओले केस आणि मराठी ही व्यंकोजीने घातलेली भर. त्याचा आजा रामनवमीला हरिकथा करीत असे. सीतेवर संकट आलं की ऐकणाऱ्या बाया पदराने डोळे पुसत. व्यंकोजीला गाणं आलं नाही, शाळाही फारशी आली नाही. पण माणसांना गप्प कसं करायचं ते त्याला आलं होतं. दिवसभर हँडल धरून बसणाऱ्याला तेवढंच सुख. मात्र सांगून सांगून असं झालं होतं की ती मोरी आली की तोच विठोबाचं नाव घ्यायचा.

चैत्रातला शुक्रवार होता. दुर्गेच्या पूजेला आलेल्या बायकांना पट्टीश्वरमला पोचवून तो रिकामा परत येत होता. हे त्याचं दर शुक्रवारचं काम. उन्हाने डांबर मऊ पडलं होतं. शेतांत माणूस नव्हतं. लांब मोरी दिसली तसं त्याने सवयीने विठोबाचं नाव घेतलं. रिक्षाच्या पुढच्या काचेवर ‘विठ्ठल’ असं मराठी अक्षरांत मोठं चिकटवलेलं होतं. गोविंदपुरमच्या विठोबाच्या उत्सवात त्याने ते हौसेने घेतलं होतं. गावात ते वाचणारे थोडेच.

मोरीपाशी एक बाई उभी होती. केस मोकळे, ओले. रिक्षा पाहताच तिने दोन्ही हात वर केले आणि ती रस्त्याच्या मधे आली.

“थांबा हो! दादा, थांबा! पायां पडतें, थांबा!”

मराठीत.

व्यंकोजीने हँडल घट्ट धरलं. त्याने रिक्षा कडेला दाबली आणि वेग वाढवला. तिचा हात मागच्या दांडीला लागून निसटला. मोरी मागे पडल्यावर त्याने आरशात पाहिलं. बाई तिथेच उभी होती. पायांत काही नव्हतं. डांबर पोळत होतं म्हणून ती एकदा हा पाय उचलत होती, एकदा तो.

भुताचे पाय भाजत नाहीत. हे त्याला तिथेच कळलं. त्याचा पाय ब्रेकवर गेला, पण त्याने तो दाबला नाही. पुढच्या वळणावर फिरू, असं त्याने मनाशी म्हटलं. वळण आलं. मग घरं आली, दुकानं आली, गाव आलं.

स्टँडवर त्याचा चेहरा पाहून जयकुमार उठून आला.

“काय झालं रे राजा?”

“दिसली.”

“कुठे? मोरीवर? मराठीत बोलली?”

व्यंकोजीने मान डोलावली. बाकीचे गोळा झाले.

“पाय पाहिलेस का तिचे? पाय?”

सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. एवढे गप्प ते याआधी कधी झाले नव्हते.

“पाय जमिनीला टेकत नव्हते,” व्यंकोजी म्हणाला.

हे वाक्य गावभर गेलं. रिक्षावाल्यांच्या व्हॉट्सअॅपवर कुणीतरी भलत्याच बाईचा धूसर फोटो टाकला आणि खाली ‘पट्टीश्वरम मोरी’ असं लिहिलं. मोरीच्या कठड्यावर कुणी हळदकुंकू वाहिलं, कुणी हिरव्या बांगड्या ठेवल्या, कुणी रस्त्यात लिंबू कापून टाकलं. दुपारचं भाडं त्या बाजूला कुणी घेईना. व्यंकोजीही घेईना. लोक म्हणत, बिचारा, त्याने डोळ्यांनी पाहिलंय.

रात्री जेवताना घास त्याच्या हातात राहू लागला. भवानी, त्याची बायको, उन्हाचं झालं असेल म्हणून त्याला ताक देई. तो पिऊन टाकी.

मग एक दिवस भवानी गोविंदपुरमहून भजनाला जाऊन आली. घरात ते दोघं आपली मराठी बोलत. तंजावरकडची, जुन्या वळणाची, मधेच तमिळ शब्द येणारी.

“ऐकिलांत का?” पाटावर बसत ती म्हणाली. “हरिकृष्णराव म्हणून एक आहेत. तंजावराहून लेकीला घेऊन नवे राहायास आले. पट्टीश्वरमच्या वाटेवर, मोरीच्या पलीकडे घर. किती गोड अभंग म्हणायचे ते! पावम्, बिचारे, वाचा गेली त्यांची.”

“वाचा कशानें गेली?” व्यंकोजीने विचारलं. उत्तर त्याला नको होतं.

“अर्धांग झाला. शुक्रवारीं भर दुपारीं. लेक न्हात होती, तशीच ओल्या केसांनीं रस्त्यावर धांवली. आटो गेला, थांबला नाहीं म्हणे. मग पुष्कळ वेळानें दुधाची गाडी आली. इस्पितळांत डाक्टर बोलले, अगोदर आणायास पाहिजे होतें. आतां उजवा हात नाहीं, पाय नाहीं, बोलणें नाहीं.”

व्यंकोजीने ताटातला भात एका बाजूला सारला.

“कोणाचा आटो होता म्हणे?”

“मीं विचारलें की! त्यांची लेक जयश्री म्हणाली, लक्षांत नाहीं. कोण असेल मेला! माणूस की राक्षस?” भवानीने डोळे पुसले. “आतां त्यांना व्यायामासाठीं इस्पितळास आणायचें, तर कोण्ही आटोवाला त्या वाटेस येत नाहीं. भूत आहे म्हणतात. अहो, तुम्हीं जा ना. आपलीं माणसें तीं.”

“जातों,” तो म्हणाला.

सकाळी रिक्षा धुताना त्याने ब्लेड घेतलं आणि काचेवरचं नाव खरवडून काढलं. अक्षरं निघाली, डिंक थोडा राहिला. तो त्याने रॉकेलने पुसला. कुणी विचारलंच तर जुनं झालं होतं म्हणायचं, असं त्याने ठरवलं. स्टँडवर कुणी विचारलं नाही.

मोरीच्या पलीकडचं घर रस्त्याला लागूनच होतं. खिडकीपाशी खाट होती आणि खाटेवर एक वृद्ध रस्त्याकडे तोंड करून पडले होते. दारात ती उभी होती. केस घट्ट बांधलेले. त्याने तिच्या पायांकडे पाहिलं नाही.

“भवानीनें सांगितलें,” तो मराठीत म्हणाला. “इस्पितळास न्यायाचें म्हणून.”

तिने त्याच्याकडे पाहिलं, मग रिक्षाच्या काचेकडे पाहिलं.

“या,” ती तमिळमध्ये म्हणाली. “खांद्याखाली धरा. उजव्या बाजूला बळ नाही.”

तेव्हापासून तो दर दुपारी जाऊ लागला. हरिकृष्णरावांना उचलून आणायचं, मागे लेकीच्या आधाराने बसवायचं, इस्पितळात उतरवायचं, परत आणायचं. तो मराठीत विचारी, “अक्का, आज अप्पा जेवले का?” ती तमिळमध्ये उत्तर देई, “जेवले.” तो म्हणे, “ऊन फार आहे, पडदा सोडूं का?” ती म्हणे, “सोडा.” सगळं तमिळमध्ये, अनोळखी रिक्षावाल्याशी बोलावं तसं. आधी त्याला वाटलं, सवय नसेल. मग वाटलं, घरात ज्यांच्याशी बोलायची ते आता बोलत नाहीत, म्हणून मराठी सुटली असेल. असं वाटलं की त्याला जरा बरं वाटे.

एके दिवशी स्टँडवर त्याने सांगून टाकायचं ठरवलं.

“जया, ती राणी नव्हती रे. बाई होती. जितीजागती. बाप आजारी म्हणून गाडी शोधत होती.”

जयकुमारने त्याच्याकडे दयेने पाहिलं.

“पाय टेकत नव्हते म्हणालास ना?”

“खोटं बोललो.”

“तेव्हा खोटं बोललास की आता बोलतोयस?” जयकुमार आवाज खाली करून म्हणाला. “राजा, रोज दुपारी तू त्याच वाटेला जातोस. कुणाशी बोलत नाहीस. देवाचं नावसुद्धा काचेवरून काढलंस. आम्हाला दिसत नाही असं समजतोस? तिने धरलंय तुला. स्वामीमलईला एक मांत्रिक आहे, मी येतो बरोबर.”

“अरे, मीच रचली ती गोष्ट! केस, मराठी, सगळं मीच घातलं.”

“तिनेच घालायला लावलं असेल,” जयकुमार म्हणाला, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. एकाने आपली रिक्षा व्यंकोजीच्या रिक्षापासून जरा पुढे नेऊन लावली.

त्या दुपारी हरिकृष्णराव बसल्या बसल्या डाव्या हाताने पुढच्या काचेकडे काहीतरी दाखवू लागले. तोंडातून नुसता आवाज येत होता. व्यंकोजी मागे वळला.

“अप्पा काय म्हणतात?”

जयश्रीने वडिलांचा हात धरून खाली घेतला. मग बाहेर बघत ती तमिळमध्ये म्हणाली, “नाव का काढलंत, ते विचारतात.”

व्यंकोजी पुढे वळून काचेकडे बघू लागला.

“खिडकीतून दर शुक्रवारी वाचायचे ते. तुमची रिक्षा लांबून आली की मला हाक मारायचे. ‘बघ गे, आपलें माणूस चाललें.’” एवढंच ती मराठीत बोलली, कारण ते वडिलांचं वाक्य होतं. पुन्हा तमिळवर आली. “त्या दिवशी एक मोटार आधी गेली. तिला मी हात केला नाही. मागून तुमची येताना दिसत होती.”

“अक्का, मीं—”

“गाडी काढा,” ती म्हणाली.

त्याने गाडी काढली. मोरी आली. कठड्यावर बांगड्यांचा ढीग झाला होता आणि रस्त्याच्या मधोमध कुंकू लावलेलं अर्धं ताजं लिंबू होतं. आज त्यावरून चाक न्यायचं, असं त्याने दात चावून ठरवलं. तरी ऐन वेळी हँडल आपोआप वळलं आणि रिक्षा लिंबाला वळसा घालून गेली. आरशात त्याला दिसलं की ते तिने पाहिलं.

त्याने ब्रेक दाबला. चालवताना तो चपला काढून सीटखाली ठेवी. तसाच खाली उतरला. डांबराला पाय लागताच कळ मस्तकात गेली. चालत जाऊन त्याने लिंबू उचललं आणि कालव्यात टाकलं. दुसरी फोड कठड्याला चिकटली होती, तीही काढून टाकली. बांगड्या ओंजळीत गोळा करू लागला. त्या तापल्या होत्या आणि एकदम सगळ्या मावत नव्हत्या. पुन्हा पुन्हा वाकावं लागत होतं. पाय पोळत होते म्हणून तो एकदा हा पाय उचलत होता, एकदा तो.

पलीकडून एक रिक्षा येत होती. स्टँडवरचीच होती. चालवणाऱ्याने त्याला तिथे तसं नाचताना पाहिलं, हॉर्न दाबून धरला आणि न थांबता वेगाने निघून गेला.

व्यंकोजीने उरलेल्या बांगड्या पाण्यात सोडल्या आणि वर पाहिलं. जयश्री रिक्षातून वाकून त्याच्या पायांकडे बघत होती. बराच वेळ बघत होती.

“या आता,” ती तमिळमध्येच म्हणाली. “अप्पांना ऊन लागतंय.”