बाथरूममधल्या दोन दोऱ्या

माझ्या नवऱ्याला, विल्फला, माती देऊन आठ दिवस झाले आणि आज सकाळी दिव्याचं बटण बदलायला माणूस आला. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. तक्रार मी जानेवारीत नोंदवली होती. आता एप्रिल संपत आलाय.

"थॅक्रे आजी ना? बाथरूमचा दिवा?" त्याने दारातच विचारलं. चाळिशीचा, पोट सुटलेला, नाव गॅरेथ. बूट पायपुसण्याला घासून आत आला, तेवढी रीत होती त्याला.

बार्न्सली गावातली आमची ही घरं खास म्हाताऱ्यांसाठी बांधलेली. बाथरूमला खिडकी नाही, भरदुपारी आत काळोख. छतापासून दोन दोऱ्या लोंबतात, एकमेकींना अगदी लागून. पांढरी दिव्याची, ती ओढली की छतातलं बटण दाबलं जातं; लाल मदतीची. लाल ओढली की भिंतीवरच्या डब्यातून कुठली तरी बाई बोलते आणि काय झालं ते विचारते. दोन्ही शेजारी शेजारी लावणाऱ्याच्या अकलेचं काय कौतुक करावं.

पांढरीचं बटण पार झिजलं होतं. चार-पाच हिसके द्यावेत तेव्हा दिवा लागायचा. पुढे दोरीच तुटून हातात आली, तेव्हा विल्फने वर उरलेल्या शेपटाला बुटाची नाडी बांधली. अंधारात ती सापडते कुठे? चाचपडताना माझा हात तीनदा लालवर पडला. तिन्ही वेळा मी डब्याला म्हणाले, "माफ करा हं, चुकून ओढली. उगाच तुम्हाला त्रास."

तिसऱ्या खेपेनंतर या घरांची देखरेख करणारी प्रिंगल बाई आली. चहा नको म्हणाली, तेव्हाच मी काय ते ओळखलं.

"मिसेस थॅक्रे, या महिन्यातली ही तिसरी. मदतीची माणसं तुमच्याशी बोलत बसली आणि तिकडे कुणी खरंच पडलेलं असलं, तर?"

"आधी बटण बदला," असं म्हणता आलं असतं. मी सॉरी म्हणाले. जन्मात कधी कुणाला जड झाले नाही, याचाच मला माज होता. ती गेल्यावर मी स्टुलावर चढले, लाल दोरी गुंडाळली आणि पार छताजवळ नेऊन गाठ मारली.

विल्फ काठीवर भार टाकून दारात उभा होता. "आणि मी पडलो तर?"

"तर ओरड. तेवढं येतं तुला."

तो हसला. मीही हसले.

मार्चमधल्या एका मंगळवारी मी केस सेट करून घ्यायला गेले. दर मंगळवारी जाते. माझ्या मागे विल्फ बाथरूममध्ये गेला, नाडी ओढली, दिवा लागला नाही, जोरात हिसका द्यायला गेला आणि तोल जाऊन पडला. खुबा मोडला. दोन तास तो फरशीवर होता. मी सांगितलं होतं तसा ओरडला. शेजारचा नॉर्मन ठार बहिरा, टीव्हीवर घोड्यांच्या शर्यती मोठ्याने लावून बसलेला. मी आले तोवर विल्फचा आवाज बसला होता.

"लालपर्यंत हात पोचला नाही, मेव्हिस," एवढंच म्हणाला. रागाने नाही. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. हॉस्पिटलमध्ये त्याची छाती भरली आणि अकराव्या दिवशी तो गेला.

गॅरेथने मेन स्विच बंद केला, कपाळाला बॅटरी लावली आणि जुनं बटण खाली काढलं.

"आतून सगळं झिजून गेलंय, आजी. इतके दिवस चाललं कसं?"

"नव्हतं चालत," मी म्हणाले.

नवं बटण, नवी दोरी, दोरीच्या टोकाला पांढरी गोटी. मी घड्याळाकडे बघत होते. बारा मिनिटं लागली. बारा मिनिटांच्या कामासाठी तीन महिने.

मेन स्विच परत चालू करून तो म्हणाला, "ओढून बघा." मी ओढली. पहिल्याच झटक्यात दिवा लागला.

मग त्याची नजर वर गेली. "ही लाल कुणी बांधली? जमिनीपर्यंत हवी ती. पडलेल्या माणसासाठीच असते."

"मी बांधली."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग बाहेरच्या खोलीतल्या दोन खुर्च्यांकडे, आणि गाठीला हात घातला. गाठ नखांनी सुटेना. शेवटी त्याने पक्कड घेतली.

"चालते का बघावी लागेल. नियम आहे," असं म्हणून त्याने दोरी ओढली.

मी पाचपर्यंतही मोजलं नसेल, तोच डबा बोलला. "हॅलो, मिस्टर थॅक्रे? ऐकतेय मी. पडलात का? घाबरू नका, लगेच माणूस पाठवते."

तिच्या यादीत तो अजून होता. आवाज मायेचा होता. गॅरेथ माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला. मला पुष्कळ बोलायचं होतं.

"माफ करा हं," मी म्हणाले, "चुकून ओढली. उगाच तुम्हाला त्रास."