दोन नकाशे आणि एक गुडघा

वहिनींना नवा गुडघा बसवला आणि घरातल्यांनी त्यांना काचेच्या भांड्यासारखं जपायला सुरुवात केली. यजमानांचं औषधांचं दुकान, त्यामुळे काळजीसुद्धा ते बाटलीवर चिठ्ठी चिकटवून द्यावी तशी देत. चालणं सकाळ-संध्याकाळ, तेही सपाटीवर. जिना अगदीच अडलं तर. डोंगर बंद. इतकी वर्षं डोंगरमंडळाच्या सगळ्यात पुढे चाललेल्या बाईला कोणी असं सांगावं आणि तिने ते ऐकून घ्यावं, हेच मुळात नवल होतं. पण वर्षभर त्यांनी ऐकलं. खरं तर त्या मुळात एकाच नणंदेच्या वहिनी. ती नणंदही मंडळात असल्यामुळे त्या सगळ्यांच्याच वहिनी होऊन बसल्या होत्या.

डॉक्टर त्या मानाने दिलदार निघाले. चढायला काही हरकत नाही म्हणाले, फक्त उंच पायऱ्या उतरायच्या नाहीत. आणि मंडळाचा लाडका डोंगर नेमका पायऱ्यांचा. दगडात खोदलेल्या, गुडघाभर उंचीच्या, आणि वर जायला काय, खाली यायला काय, सगळ्यांना ठाऊक असलेली तीच एक वाट. मंडळाची सभा तोंडावर आली होती. पुढच्या वर्षी सगळ्यांच्या पुढे कोण चालणार, हे तिथे ठरायचं होतं. वहिनींनी अजून हो किंवा नाही काहीच कळवलं नव्हतं. नाही म्हणायला जीभ रेटत नव्हती, आणि हो म्हणावं तर उतरणार कुठून, हा प्रश्न होताच.

त्यातच मंडळाने हातात मावणारी नवी जीपीएस यंत्रं घेतली आणि त्यांत कोणता नकाशा भरायचा यावरून मंडळात दोन तट पडले. वहिनी म्हणाल्या, मी दोन्ही वापरून बघते. घरात आनंदीआनंद झाला, कारण हे बसून करायचं काम होतं. यजमानांनी स्वतःच्या हाताने खुर्चीवर उशी ठेवली आणि पायाखाली स्टूल सरकवलं.

जेवणाच्या टेबलावर दोन यंत्रं आली, एक पिवळं, एक करडं. पिवळ्यातला नकाशा देखणा. डोंगरांना सावल्या, रानाला तऱ्हेतऱ्हेचे हिरवे रंग, चालून आलेल्या लोकांनी नोंदवलेल्या पायवाटा लाल तुटक रेघांनी काढलेल्या, आणि बोट लावलं की झरझर पुढे सरकायचा. करड्यातला म्हणजे तपकिरी रेघांचं नुसतं जंजाळ. वाटा जवळजवळ नाहीतच, आणि जरा लांब सरकवला की स्वारी विचार करत बसायची. वहिनींनी दोन्ही नकाशे कॉम्प्युटरवर शेजारी शेजारी उघडले आणि परीक्षेला आपला ओळखीचा डोंगर घेतला.

नकाशातल्या तपकिरी रेघा सारख्या उंचीच्या जागा जोडतात. रेघा लांब लांब असल्या तर चढ सोपा, जवळ आल्या की तो अंगावर येतो. पिवळ्यात दर वीस मीटरला एक रेघ होती, करड्यात दर दहाला. डोंगराच्या मागच्या अंगाला मंडळातलं कोणी कधी फिरकलंच नव्हतं. पिवळ्यात तिथल्या रेघा मस्त ऐसपैस पसरल्या होत्या. एक लाल वाट अर्ध्यापर्यंत जात होती, मधला तुकडा गायब होता, आणि वर माथ्याकडे पुन्हा एक तुकडा होता. पण चढ इतका सौम्य, की वाट नसली तरी माणूस रमतगमत जाईल. आणि पायरी एकही नाही. वहिनी खुर्चीत पुढे सरकल्या. मग त्यांनी करड्यात तीच जागा पाहिली. नेमक्या त्या गायब तुकड्यापाशी दोन रेघा एकमेकींना चिकटल्या होत्या. करड्याचं म्हणणं होतं, इथे कडा आहे.

दोघांपैकी एक थापा मारत होता, आणि वहिनींचं पुढचं सगळं आयुष्य तो कोण यावर अडलं होतं. निदान त्यांना तरी तसंच वाटत होतं.

संध्याकाळी नणंदबाई आल्या. त्या लोकांना गाडी शिकवायच्या. शिकवायच्या गाडीत गुरूच्या पायाखालीही एक ब्रेक असतो, आणि तो दाबून दाबून त्यांना अशी सवय लागली होती, की शेजारी कोणी शिलाईचं मशीन जोरात चालवलं तरी यांचा उजवा पाय जमीन दाबायचा. त्यांनी दोन्ही नकाशे पाहिले, वहिनींचा चेहरा पाहिला, आणि काय ते ओळखलं.

"टेबलावर बसून हे कळायचं नाही," त्या म्हणाल्या. "उद्या दादा दुकानात गेला की निघू."

यजमानांना काय सांगायचं, हा वहिनींचा प्रश्न. नकाशे तपासायला बाहेर जातोय असं सांगायचं, यात खोटं काय आहे, हे नणंदबाईंचं उत्तर. रात्री वहिनींनी कॉम्प्युटरवर दोन्ही नकाशांत माथ्यावर एक निशाण लावलं आणि ते दोन्ही यंत्रांत उतरवलं. निशाण लावताना त्याचं नाव द्यावं लागतं. त्यांनी जरा विचार केला आणि लिहिलं, "मी".

सकाळी यजमान म्हणाले, "सावलीत उभी राहून तपास." वहिनी हो म्हणाल्या. तेवढं मात्र खोटं होतं.

मागच्या अंगाची लाल वाट सुरुवातीला अगदी शहाण्यासारखी वागली. वहिनी पुढे, नणंदबाई मागे. एक खडा घरंगळला, की मागून बुटाचा धप्प आवाज यायचा.

"वन्सं, ब्रेक पुरे," वहिनी म्हणाल्या. एरवी त्या नणंदेला नावाने हाक मारत; वन्सं फक्त वैतागल्यावर.

वाट संपली आणि समोर कडा उभा राहिला. चांगला तीन मजली घराएवढा, सरळसोट. पिवळ्याच्या दोन रेघांच्या मध्ये तो अख्खा गडप झाला होता. त्यात उन्हामुळे पिवळ्याच्या पडद्यावरच्या सुंदर सावल्यांचा नुसता काळा डाग झाला होता. एक क्षण वहिनींना वाटलं, संपलं, आता घरी जाऊन उशीवर बसायचं. नणंदबाईंनी पाण्याची बाटली पुढे केली.

पाणी पिऊन झाल्यावर वहिनींनी करडं यंत्र वर काढलं. उन्हातही त्याची एकेक रेघ स्वच्छ दिसत होती. चिकटलेल्या त्या दोन रेघांवरून त्यांनी डावीकडे बोट फिरवत नेलं, फिरवत नेलं, आणि एका जागी रेघा पुन्हा सुट्या झाल्या. कड्याच्या पायथ्याने त्या डावीकडे निघाल्या. जागा आली आणि खरोखरच कडा खचून तिथे तिरकी, रुंद, गवताळ चढण झाली होती. गुडघ्याने कुरकुर केली नाही. वहिनींनी मुद्दाम थोडं उतरून पाहिलं, पुन्हा चढल्या, पुन्हा उतरल्या. नणंदबाई म्हणाल्या, घसरगुंडी मिळालेल्या पोरासारखं काय चाललंय तुझं? पण डोळे त्यांचेही भरून आले होते.

वर मात्र करड्याची अब्रू गेली. माथ्याखाली डोक्यापर्यंत उंच झुडपं माजली होती, आणि वाट म्हणून त्या नकाशात काहीच नव्हतं. तिथे पिवळा कामाला आला. नणंदबाईंनी आपली टोपी त्याच्यावर सावलीला धरली, आणि लाल रेघेच्या मागे मागे दोघी झुडपांतून वाकत, हसत, कपड्यांवरची कुसळं काढत बाहेर पडल्या.

माथ्यावर, बरोबर निशाणाच्या जागी, एका दगडावर यजमान बसले होते. अंगात दुकानातला पांढरा कोट, तो घामाने पाठीला चिकटलेला, आणि मांडीवर चहाचा थर्मास. या माणसाने जन्मात डोंगर चढला नव्हता.

चष्मा विसरला म्हणून ते घरी परतले होते. कॉम्प्युटर चालूच राहिला होता. बंद करायला गेले तर माथ्यावर निशाण, आणि त्याच्यापुढे लिहिलेलं, मी. दुकानाला कुलूप लावून ते तसेच पायऱ्यांच्या वाटेने वर आले होते.

वहिनी बोलणी खायच्या तयारीने उभ्या राहिल्या.

"रागवायलाच आलो होतो," ते धापा टाकत म्हणाले. "पण तुला त्या झुडपांतून बाहेर येताना पाहिलं. हसत होतीस. वर्षभर हसली नव्हतीस अशी." थर्मासचं झाकण उघडता उघडेना, म्हणून त्यांनी ते तसंच ठेवलं. "गुडघा तुझा, पण भीती माझी होती ग. मी तुला उगाच बसवून ठेवलं."

वहिनींनी थर्मास घेतला, झाकण उघडलं आणि पहिला चहा त्यांना दिला.

चहा झाला. यजमान उठले, पायऱ्यांपाशी गेले, खाली पाहिलं आणि परत येऊन दगडावर बसले. मग पोटऱ्या चोळू लागले.

"या पायऱ्यांनी मी काही उतरत नाही," ते म्हणाले.

वहिनी आधी गालातल्या गालात हसल्या, मग त्यांना हसू आवरेना. त्यांनी दोन्ही यंत्रं गळ्यात अडकवली आणि नवशिक्यांना वर्षानुवर्षं सांगत आलेलं सगळं नवऱ्याला सांगितलं. माझ्या मागे राहायचं. घाई करायची नाही. दमलात की सांगायचं, लाजायचं नाही. औषधवाल्यांनी मान डोलावली आणि विचारलं, किती वेळा सांगितलं तर चालेल?

गवताळ चढण उतरताना फोन वाजला. मंडळाचे चिटणीस होते. नकाशाचं काय ठरलं, म्हणून विचारत होते.

"दोन्ही भरा," वहिनी म्हणाल्या. "चढ बघायचा करड्यात आणि वाट बघायची पिवळ्यात. एकट्यावर विसंबू नका."

चिटणीस जरा घुटमळले. मग म्हणाले, ते दुसरंही होतं, पुढच्या वर्षी पुढे कोण चालणार? काही ठरलंय का?

वहिनींनी मागे वळून पाहिलं. पांढऱ्या कोटातले यजमान दोन्ही हात पसरून, पाय रोवत, एकेक पाऊल त्यांच्या पावलावर टाकत येत होते. त्यांच्यामागे नणंदबाई, दर पावलाला ब्रेक दाबत.

"चालतेच आहे की," वहिनी म्हणाल्या, आणि फोन खिशात टाकून पुढे निघाल्या.