खिडकीचं पाकीट

पाकिटाच्या खिडकीत पत्त्याच्या तीन ओळी दिसल्या पाहिजेत, चौथी दिसता कामा नये — इतकं साधं आहे हे, आणि तरी आज तिसऱ्यांदा त्याच्या बोटांनी घडी जरा वर घेतली आणि त्या चकचकीत पारदर्शक कागदाआडून चौथ्या ओळीतल्या अक्षरांचे माथे डोकावले. त्याने कागद बाहेर ओढला, नखाने घडी चेपली, पुन्हा सरकवला. तेवीस वर्षं तो घड्या घालतोय. कोपऱ्यात घड्या घालायचं यंत्र आहे, त्याच्यावर तीन वर्षं निळं कापड टाकलेलं आहे, कारण बसवल्याच्या पहिल्याच आठवड्यात त्या यंत्राने चारशे पाकिटं चौथी ओळ दाखवत ओकून टाकली होती आणि तेव्हा याने साहेबांना ठणकावून सांगितलं होतं की पगाराचे कागद माझ्या हातूनच जातील. माझ्याच हातून...

सकाळी आल्या आल्या नदीपलीकडच्या, म्हणजे शेजारच्या राज्यातल्या, गोदामातून फोन आला. तिथल्या सुपरवायझरने अर्ध्या मिनिटात सगळं उरकलं — परवा पाळी सुटताना पॅकिंगवालीचा नवरा फाटकाशी उभा होता, खोकी बंद करायचं टेपचं लोखंडी हत्यार तिच्या हातात तसंच राहिलं होतं, त्याने ते हिसकावलं आणि तिच्या तोंडावर घातलं, परत घातलं, खाली पडल्यावरही घालत राहिला. जबडा दोन ठिकाणी मोडलाय. तो पळाला, अजून सापडला नाही. मग सुपरवायझरने विचारलं, तिची रजा कुठल्या राज्याच्या खात्यात धरायची, अलीकडच्या की पलीकडच्या? आणि याने क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, काम करते तिथल्या. उत्तर बरोबर होतं. फोन ठेवल्यावरही उत्तर बरोबरच होतं.

कंपनीची माणसं चार राज्यांत. माणूस ज्या राज्यात राबतो त्या राज्याचा कर त्याच्या पगारातून कापायचा, ही झाली सुरुवात. खरी मेख हद्द ओलांडण्यात. कुणी एका राज्यातून दुसऱ्यात गेलं की जुन्या राज्यातलं खातं बंद करायचं, आणि बंद केल्याचा कागद त्या राज्यात नोंदलेल्या शेवटच्या पत्त्यावर टपालाने धाडायचा. त्या कागदावर तळाला एक रकाना असतो, सध्याचं कामाचं ठिकाण. इतर कंपन्यांतले कारकून हा कागद पाठवायला सर्रास विसरतात आणि कुणी त्यांना जाब विचारत नाही. तो कधीच विसरला नाही. म्हणून तर ऑफिसात त्याला ‘काटा’ म्हणतात, आणि हे नाव पाठीमागे घेतात असं त्यांना वाटतं, पण त्याला ते ठाऊक आहे आणि आवडतंही.

बदली झाली तेव्हा ती पॅकिंगवाली याच टेबलाशी आली होती. कानाला पट्टी, ओढणीआड नीट न लपलेली. उभ्याउभ्याच म्हणाली, "बदली झालीय, पण माझं सगळं इथलंच राहू द्या." त्याने तिला बसवलं, पाणी दिलं — हो, पाणी दिलं होतं, हे आपण आठवणीत मुद्दाम ठळक करतोय का? — आणि पेन्सिलीने दोन चौकोन काढले, मधे नदीची रेघ, आणि समजावलं की तसं केलं तर दोन्ही राज्यं तिच्या पगारावर हात टाकतील. छान समजावलं. ती चौकोनांकडे बघत नव्हती. शेवटी एवढंच म्हणाली, "मग निदान घरी काही पाठवू नका. तो फोडतो."

पाकिटं फोडतो, असं त्याने त्या वेळी धरलं होतं.

त्याने पिवळ्या चिठ्ठीवर ‘कागद पाठवू नये’ लिहून तिच्या फायलीला चिकटवलं. तिमाही संपली, तपासनीस यायचे होते, फायली हातावेगळ्या करताना ती चिठ्ठी समोर आली. सही नाही, अर्ज नाही, कुठल्या कलमात बसत नाही... त्याने ती सोलून काढली आणि टेबलावरच्या टोकदार उभ्या सळईत खोचली, जिथे निकालात निघालेली सगळी चिटोरी जातात. मग खातं बंद केल्याचा तिचा कागद तिघडी घालून जुन्या पत्त्यावर धाडला. घडी फार सुरेख पडली होती. अजून आठवतेय.

अकराच्या सुमाराला साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. नवऱ्याच्या खोलीत आपलं पाकीट सापडलंय, पोलीस विचारतायत, म्हणाले. मग खुर्ची पुढे ओढून, आवाज खाली आणून, जणू याच्यावरच उपकार करत असल्यासारखं म्हणाले, "यंत्रातून आपोआप गेलं, असं लिहून द्या. कोण बघायला येतंय." त्यांचा हात टेबलावर पालथा पडला होता, गुबगुबीत, अंगठी रुतलेला. याला तो हात उचलून आपल्या टेबलाशी न्यावासा वाटला, सळईवर ठेवून वरून सगळ्या अंगाने दाबावासा — आधी कातडी ताणेल, मग एकदम सुटेल, टोक दुसऱ्या बाजूने वर येईल आणि तीन महिन्यांची चिटोरी लाल होत जातील, अगदी तळाच्या पिवळीपर्यंत... मग तिथे नवऱ्याचा हात आला. त्याला त्याने कधी पाहिलेलंही नव्हतं, तरी तो हात त्याने पुन्हा पुन्हा खाली दाबला आणि प्रत्येक वेळी छातीत मोकळं वाटलं. "बघतो," असं म्हणून तो बाहेर आला. निळं कापड जागच्या जागी होतं. त्याच्यावरची धूळसुद्धा साक्ष देईल.

मी आयुष्यात कुणावर हात उचलला नाही. हे तो मनात म्हणाला, आणि नेहमीसारखे वडील समोर आले, अप्पा. गणित चुकलं की बोटांच्या पेरांवर पट्टीची धार बसायची, एका चुकीला एक, कमी नाही की जास्त नाही, आणि मग ते शांतपणे उत्तर कुठे चुकलं ते सांगायचे. मी चिडून मारत नाही, म्हणायचे. त्या पट्टीची शपथ घेऊनच तो वेगळा बाप झाला होता. मुलगी किल्ली विसरून शाळेतून आली तेव्हा तो घरातच होता. धडा मिळावा म्हणून त्याने दार उघडलं नाही, दोन तास ती आधी बेल, मग मुठी, मग पायांनी दार वाजवत राहिली आणि तो आत खुर्चीत बसून ऐकत होता. बायको आल्यावर म्हणाली, "त्यापेक्षा थोबाडीत मारली असतीत तर बरं झालं असतं." बाईमाणूस हळवं, असं त्याने तेव्हा ठरवून टाकलं होतं.

दुपारी पलीकडच्या गोदामातून तिचा नवा पत्ता आला, दवाखान्यातून ती बहिणीकडे जाणार होती. त्याने तो लगेच नोंदीत चढवला. वर्षअखेरचे कराचे दाखले आजच निघत होते. तिचे दोन, प्रत्येक राज्याचा एक. पलीकडचा बहिणीच्या घरी. अलीकडचा नियमाप्रमाणे जुन्या पत्त्यावर, त्या जिन्याखालच्या टपालपेटीत, जिची किल्ली अजून पळालेल्या नवऱ्याच्या खिशात होती. त्यावरही खाली चौथी ओळ होती, सध्याचा पत्ता. घर क्रमांकासकट.

हीच ती चौथी ओळ, जी आज त्याला धड झाकता येत नव्हती.

फोन वाजला. पलीकडच्या बाईने आपण पॅकिंगवालीची मोठी बहीण असं सांगितलं. रडत नव्हती. ताईला शोभेल अशा खणखणीत आवाजात म्हणाली, "तिला बोलता येत नाही. वहीत लिहून विचारतेय, तुमच्याकडून आणखी काय काय जाणार आहे त्या घरी?"

"एक कागद," तो म्हणाला. "माझ्या हातात आहे."

"मग?"

फाडून टाकतो म्हणावं. एवढंच म्हणायचं होतं, शब्द तयार होते... पण तोंड उघडलं तेव्हा जे बाहेर आलं ते असं होतं, की हे पाहा ताई, खातं बंद झालं तरी त्या वर्षाचा दाखला त्या राज्याच्या पत्त्यावर जावाच लागतो, नाहीतर... आणि तो समजावत गेला, सावकाश, एकेक पायरी, उत्तर नेमकं कुठे चुकतं ते. आवाज ओळखीचा होता, अप्पांचा. दूर कुठेतरी वहीचं पान उलटल्याचं ऐकू आलं, आणि मग पेन्सिलीची खरखर.

"ती विचारतेय," बहीण म्हणाली, "तुम्ही तो पाठवणार का?"

डाव्या हाताचा तळवा त्याने — त्याने कसला, मीच — सळईच्या टोकावर ठेवला होता, कधी ठेवला कळलं नाही, आणि टोक नुसतं टेकलं होतं. उजव्या हातातल्या पाकिटाच्या खिडकीत बरोब्बर तीन ओळी दिसत होत्या. घडी या वेळी चुकली नव्हती. आणि मी कितीही शोधला तरी मला राग कुणाचाच आलेला नव्हता.