तीन चाकांच्या गाडीला स्टँड कशाला?

मित्रांनो, हे जग माझ्या आधाराने उभे आहे.

जग म्हणजे अगदी सगळे नव्हे. साडेतीनशे सीसीची एक मोटारसायकल, आणि तीही बंद असताना. पण मी नसतो तर ती आडवी झाली असती, एवढे तरी तुम्ही मान्य कराल.

मी तिचा साइड स्टँड. गाडीच्या डाव्या अंगाला दुमडून बसलेली लोखंडी कांब, एका टोकाला स्प्रिंग आणि दुसऱ्या टोकाला चपटा तळवा. शाळेत तुम्हाला फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त लिहायला सांगतात, वठलेल्या झाडाचे सांगतात, माझे कधी सांगत नाहीत. मी मनाला लावून घेत नाही. जे चालत नाही ते उभे ठेवायचे, हे माझे काम. याच कामासाठी आपल्याकडे मोठमोठी खाती आहेत, आणि त्यांच्यावरही कुणी निबंध लिहीत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. एक सरळ कांब घेतली, तापवली, ठोकली आणि वाकवली. वाकल्याशिवाय दुसऱ्याचा आधार होता येत नाही, असा बोध यातून काढायचा असेल तर खुशाल काढा. मला त्या वेळी फक्त भाजले.

एक्क्याण्णव साली सावळीराम यांनी आमची गाडी घेतली. ते पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. कालव्याच्या भरावावरून दिवसभर फिरायचे, कुणी रात्रीतून पाट फोडला का ते पाहायचे, आणि जिथे उतरतील तिथे गाडी माझ्यावर कलती करून सोडायची. भरावाची माती मऊ. पहिल्याच आठवड्यात मी मातीत घुसलो आणि गाडी हळूहळू, कुणाला न दुखवता, कालव्यात बसली. तेव्हापासून सावळीरामांनी डिकीत शहाबादी फरशीचा एक तुकडा ठेवला. मऊ जमीन दिसली की आधी फरशी खाली, मग मी फरशीवर. चौतीस वर्षे आमची जोडी. फरशी फारशी बोलत नाही.

वर्षातला एक दिवस मात्र खात्याचा नव्हता. तेरा ऑक्टोबर. बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली तो दिवस. त्या सकाळी सावळीरामांच्या पत्नी सुमनबाई पांढरी साडी नेसून त्यांच्या मागे बसत आणि दोघे नाशिकहून निफाड, विंचूर करत येवल्याच्या मुक्तिभूमीला जात. टाळेबंदीचे साल सोडले तर एकदाही चुकले नाही. एका वर्षी गाडीला हॉर्न नव्हता, एका वर्षी दोघे बोलत नव्हते. तरी गेले.

याच रस्त्यावर चांदोरीच्या वळणाला एकदा माझ्यावर नामुष्की आली. सावळीराम मला वर करायला विसरले. मित्रांनो, स्टँड खाली राहिला आणि गाडी डावीकडे कलली, की मी रस्त्यात रुततो आणि माणसे हवेत जातात. आम्ही वळणाला पोचणार तेवढ्यात कांद्याच्या ट्रॅक्टरवरून एक बाई ओरडली, "ओ भाऊ, ष्टँड, ष्टँड." सावळीरामांनी टाचेने मला उडवले आणि दोघे वाचले. ती बाई कोण, कुठली, कुणाला ठाऊक नाही. आपल्याकडे माणूस पत्ता चुकीचा सांगेल, ओव्हरटेक करताना शिवी देईल, पण दुसऱ्याचा स्टँड खाली दिसला की ओरडल्याशिवाय पुढे जाणार नाही. जात विचारत नाही, गाव विचारत नाही. या देशावर माझा जो काही विश्वास आहे तो एवढ्यावर आहे.

त्या दिवसापासून सुमनबाईंनी ते खाते स्वतःकडे घेतले. मागे बसल्या की पदर खोचायचा आणि विचारायचे, "स्टँड?" सावळीराम म्हणायचे, "उचलला." मगच गिअर पडायचा.

मग गेल्या मार्चमध्ये नाशिकच्या द्वारका चौकातला सिग्नल आला. लाल झाला म्हणून सावळीराम थांबले, डावा पाय खाली टेकवला आणि डाव्या गुडघ्याने आयत्या वेळी राजीनामा दिला. गाडी डावीकडे गेली, सुमनबाईही गेल्या. मी त्या वेळी वर दुमडलेला होतो. सिग्नलला कुणी स्टँड लावत नाही, हे खरे आहे. पण आधार देणे हेच ज्याचे काम, त्याने पडणाऱ्या माणसाशेजारी घडी घालून बसावे, याची लाज मला अजून वाटते.

सुमनबाईंचे मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर. प्लास्टर निघाले त्या दिवशी त्यांनी जाहीर केले, "या गाडीवर मी परत बसणार नाही. माझा हात एकदा मोडला, तेवढा पुरे."

त्यांचा मुलगा बुद्धभूषण बँकेत आहे. तो समजावायला आला. समजावायला येणाऱ्या माणसांचे असते तसे त्याचे सगळे आधीच ठरलेले होते.

"बाबा, गाडी देऊन टाकू. तेरा ऑक्टोबरला आपण सगळे माझ्या कारने जाऊ. निवांत, एसीत."

"भूषण, मी गाडी चालवताना कधी पडलोय का?"

"नाही."

"मग पडलो कधी?"

"थांबल्यावर."

"मग मला थांबा काय म्हणतोस?"

बुद्धभूषणने कारची किल्ली खिशात घातली. मी तर थांबण्याच्याच धंद्यातला, पण मुद्दा मलाही पटला. सुमनबाई आतून म्हणाल्या, "त्यांचं त्यांना करू दे. मी भूषणच्या गाडीत बसणार." सावळीराम बाहेर येऊन गाडीवर बसले. तेव्हा मला कळले. त्यांना येवल्याला जायचे नव्हते, मित्रांनो. त्यांना मागे सुमनबाई बसवून येवल्याला जायचे होते.

दुसऱ्या दिवशी ते गाडी घेऊन सातपूरला वाल्मीक मिस्त्रीकडे गेले. वाल्मीक दुचाकीला मागे दोन चाकांचा आस बसवून तिची तीन चाकी करून देतो. दूरच्या प्रवासाला बेतलेली, पाठ टेकायला गादी, मागे मोठी पेटी. महिनाभर आम्ही त्याच्या शेडमध्ये सुटे होऊन पडलो होतो. शेवटी वाल्मीक ग्राइंडर घेऊन माझ्यासमोर बसला.

"काका, हा कापून टाकतो. तीन चाकांच्या गाडीला स्टँड कशाला?"

ग्राइंडर सुरू झाला. चौतीस वर्षांची सेवा, आणि निरोपसमारंभाला नारळसुद्धा नाही.

"राहू दे," सावळीराम म्हणाले.

"उगाच लटकत राहील."

"रिटायर झाल्यावर मी काय करतोय? राहू दे. तुझं काही खात नाही ना?"

आरटीओतल्या साहेबांनी कागद पाहिले, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि माझ्याकडे बोट दाखवून तोच प्रश्न विचारला. "सवय आहे, साहेब," सावळीराम म्हणाले. साहेबांनी बराच वेळ विचार केला. सवयीच्या विरुद्ध नियम सापडेना, तेव्हा गाडी पास झाली.

आता माझी अवस्था ऐका. दोन चाकांची गाडी माझ्यावर कलायची. तीन चाकांची गाडी कलतच नाही. सावळीराम थांबले की सवयीने टाच मारून मला खाली करत, आणि माझा तळवा जमिनीपासून दोन बोटे वर, हवेत. मी खाली होतो पण टेकत नव्हतो. पुष्कळ थोर माणसांचे असे होते म्हणतात, पण त्यांना निदान खुर्ची असते.

कॉलनीत आमचे स्वागत झाले. सावळीरामांचे मित्र नाथाआबा रोज सकाळी कट्ट्यावर असतात. निफाडकडचे द्राक्षवाले. शेती मुलांकडे दिली आणि जीभ स्वतःकडे ठेवली.

"काय सावळीराम, रिक्षा टाकली म्हणे?"

"टूरिंग बाईक आहे ती."

"आसंल. शालिमार ते नाशिकरोड किती घेतो शिटाला?"

"तुला फुकट नेतो. मागं पेटीत बस."

"आन पुढं डायवरच्या बाजूला बसवतो का एखादं? लय लोकं उभे असतात."

सावळीराम हसले. पण फाटकातून आत आल्यावर हसू गेले, तेही मी पाहिले. रस्त्यातही तसेच. लोक वळून बघत. कुणी हात करून "नाशिकरोड?" विचारी. सुमनबाई गॅलरीतून बघत आणि आत जात.

मग एक दिवस कॅनडा कॉर्नर चौकाजवळ कॉलेजची एक मुलगी स्कूटरवरून शेजारी आली आणि ओरडली, "काका, स्टँड."

सावळीराम मला उचलायला विसरले होते. गाडी तिरपी होत नाही, तर आठवण कशाने होणार? त्यांनी टाच मारून मला वर केले, मुलीला हात केला आणि पुढची दोन किलोमीटर ते गुणगुणत गेले. कारण कळायला मला वेळ लागला. मित्रांनो, रिक्षावाल्याला कुणी "स्टँड" म्हणून ओरडत नाही. त्या मुलीने चाके मोजली नव्हती. तिला मोटारसायकलवरचा माणूस दिसला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मुद्दाम खाली ठेवले. तिसऱ्या दिवशीही. गतिरोधकावर माझा तळवा घासायचा, स्प्रिंग कुरकुरायची, पण मी तक्रार केली नाही. नाशिकभर माणसे ओरडत होती. दूधवाला, पोलीस, शाळेच्या बसमधली अख्खी मागची खिडकी. माझ्या नावाने एवढा आरडाओरडा चौतीस वर्षांत झाला नव्हता.

तेरा ऑक्टोबर आला. सुमनबाई पांढरी साडी नेसून बाहेर आल्या. सावळीरामांनी मागच्या गादीवरून फडके फिरवले. सुमनबाईंनी ते पाहिले आणि कारमध्ये जाऊन बसल्या. डबा तेवढा आमच्या पेटीत ठेवायला दिला. "कारमध्ये सांडेल," म्हणाल्या.

आम्ही पुढे, कार मागे. मी खाली. निफाडपर्यंत पाच जण ओरडले. सावळीराम प्रत्येकाला हात करत होते, मला उचलत मात्र नव्हते. पाठीमागे कुणी नसताना त्यांची पाठ कशी दिसत असेल, ते मला खालून दिसत नव्हते. कारमधून दिसत असावे.

विंचूरला कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. दुचाकी असती तर आम्ही मधून निसटलो असतो. तीन चाके रुंद, ती अडकली. बुद्धभूषणची कार रांगेत पुढे सरकत बरोबर आमच्या शेजारी येऊन थांबली. काच खाली झाली.

"अहो, स्टँड."

"राहू दे. आता पडत नाही ती."

"पडत नाही ते दिसतंय. द्वारकेपासून अकरा वेळा थांबलात. मी मोजलंय. एकदाही पाय खाली टेकवला नाहीत."

सावळीराम समोर बघत राहिले. "मग?"

"मग काय? लोक सगळ्या वाटेनं ओरडतायत. त्यांना वाटेल, या माणसाला मागं बसून सांगणारं कुणी नाही."

"नाहीच आहे," सावळीराम म्हणाले.

कारचे दार उघडले. सुमनबाई उतरल्या. बाजारात खाट घेताना बघतात तशी त्यांनी आमची गाडी दोन्ही हातांनी धरून हलवली. पुन्हा हलवली. गाडी जागची ढळली नाही. बुद्धभूषण आतून म्हणाला, "आई, अगं ऊन आहे, धूळ आहे."

"दरवर्षी असते. तू हो पुढं आणि गाडी लावायला जागा बघ."

"परवा तर म्हणालीस, परत बसणार नाही."

"त्या गाडीवर म्हणाले. तिला दोन चाकं होती."

त्या चढून बसल्या. मोडलेले मनगट दोनदा फिरवून पाहिले, पदर खोचला, पाठ गादीला टेकवली आणि नको तितकी मऊ आहे असे सांगितले. मग सात महिन्यांनी माझ्या कानावर तो शब्द आला.

"स्टँड?"

सावळीरामांनी टाच मारली. मी करकरत वर गेलो.

"उचलला."

विंचूर ते येवला आमच्याकडे बघून कुणीही ओरडले नाही. मला त्याचे काही वाटले नाही.

मुक्तिभूमीजवळच्या मोकळ्या शेतात गाड्या लावल्या होत्या. माती मऊ होती. शेकडो मोटारसायकली आपापल्या स्टँडवर कलून उभ्या, काहींचे स्टँड निम्मे मातीत. आमची गाडी मधोमध ताठ. सावळीरामांनी सवयीने मला खाली केले. मी नेहमीसारखा दोन बोटे हवेत.

सुमनबाईंनी डबा काढायला पेटी उघडली. तळाशी ती फरशी होती. त्यांनी ती काढली, वाकल्या आणि माझ्याखाली सरकवली. फरशी बरोबर दोन बोटे जाड आहे. मी टेकलो.

"अहो, तिची गरज नाही आता," सावळीराम म्हणाले.

"असू दे," सुमनबाई म्हणाल्या. "पडलं न पडलं, त्याला काही टेकायला नको?"

माझ्यावर त्या वेळी भार किती होता म्हणाल, तर काहीच नव्हता. पण मी चौतीस वर्षांत इतका ताठ उभा राहिलो नव्हतो.

तेव्हा मित्रांनो, तीन चाकांच्या गाडीला स्टँड कशाला, असे यापुढे कुणी विचारले तर त्याला माझ्याकडे पाठवा. मी हटणार नाही. ग्राइंडर आणा, नियम आणा, नाथाआबांना आणा. ज्याला तुम्ही थांबा म्हणता तो थांबणार नाही, आणि ज्याला काढून टाका म्हणता तो निघणार नाही, हे सगळ्या नाशिक जिल्ह्याने नीट ऐकून ठेवावे.

आणि जाता जाता कुणाकडे असेल तर स्प्रिंगला दोन थेंब तेल घाला. फार करकरते.