तपासनिसाच्या हातातला रंधा

मी रंधा बोलतोय. सुताराचा रंधा, लाकूड तासून गुळगुळीत करणारा. तुम्ही माझं ऐकायला बसलात हे ठीक, पण का बसलात ते मला अजून कळलेलं नाही. कुणी आपणहून जवळ आलं की माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकते. स्वभावच झालाय तसा. तो का झाला ते आधी ऐका, मग खुशाल नावं ठेवा.

एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी मला स्वतःच्या हातानं घडवलं. कठीण लाकडाचं धड, पोटात पोलादी पातं आणि ते हलू नये म्हणून ठोकलेली पाचर. तीस वर्षं आम्ही दोघांनी मिळून दारं केली, टेबलं केली, पाळणे केले. मिस्त्री थकले तेव्हा त्यांचा मुलगा म्हणाला, "बाबा, काळजी करू नका, ह्याला मी जिवापाड जपेन." आठव्या दिवशी त्यानं मला विकलं.

तिथून मी गेलो एका दातांच्या दवाखान्यात. पातं काढून टाकलं, अंगाला चकचकीत पॉलिश फासलं आणि पातं होतं तिथं एक रोपटं लावलं. सुजलेला गाल धरून बसलेली माणसं माझ्याकडे बघून म्हणायची, "किती सुंदर!" अहो, पोट फाडून त्यात माती भरली तर तुम्हाला चालेल का? सहा वर्षं त्या रोपट्याचं पाणी माझ्या अंगात मुरलं. मग दवाखान्याचा रंग बदलला, नव्या रंगाला मी शोभेना, म्हणून मला जुन्या सामानाच्या दुकानात टाकलं. तेव्हाच ठरवलं, की आता मला कुणी प्रेमानं उचललं तरी आपण विरघळायचं नाही.

एक दिवस पंचेचाळिशी ओलांडलेला एक माणूस आला. त्यानं मला उलटं केलं, टिचकी मारली, वास घेतला, खिशातून भिंग काढून पाहिलं.

"ही भेग कधीची?" त्यानं विचारलं.

"भेग? लाकडाची रेष आहे ती, साहेब," दुकानदार म्हणाला.

"तसं लिहून द्याल?"

दुकानदार बघतच राहिला. मीही. जन्मात पहिल्यांदा मला माझ्याहून संशयी प्राणी भेटला होता.

मला विकत घेऊन गेलेला हा माणूस विमा कंपनीत दावे तपासायचा. आपण त्यांना तपासनीस म्हणू. कुणाचं दुकान जळालं, कुणाच्या घरात पाणी शिरलं, की हे वही घेऊन हजर. समोरचा रडत असला तरी ह्यांचं लक्ष भिंतीवरच्या ओलीकडे, की ही आजची का गेल्या वर्षीची? बावीस वर्षं हेच केलं आणि चोख केलं. ह्यांना फसवून कुणी भरपाई नेली असं एकदाही झालं नाही.

मग ते काम सोडायची वेळ का आली? ते त्यांनी एकदा त्यांच्या सुतारकामाच्या शिक्षकाला सांगितलं, तेव्हा मी त्यांच्या हातातच होतो. त्यांची लेक पंधरा वर्षांची. एका सकाळी ती म्हणाली, "बाबा, मला ताप आलाय, शाळेत नाही जात." ह्यांनी थर्मामीटर लावलं. ताप निघाला. झटकून पुन्हा लावलं. मग विचारलं, "आज परीक्षा कुठली आहे?" पोरगी पांघरुणातून म्हणाली, "मी दावा नाही करत आहे, बाबा. मला बरं नाहीये."

त्यानंतर तिनं त्यांना काही सांगणंच बंद केलं. मैत्रिणी, मार्क, भांडणं, सगळं आईला. बाबा खोलीत आले की विषय बदलायचा. "बावीस वर्षांत एवढा गार कधी पडलो नव्हतो," ते म्हणाले, आणि बोलताना मला इतकं घट्ट धरलं होतं की माझी पाचर करकरली. त्यांनी वर्षभराची बिनपगारी रजा टाकली, घरामागची खोली रिकामी केली आणि सुतारकाम शिकायला घेतलं. वर्ष सरलं की परत जायचं, नाहीतर कायमचं सोडायचं.

"नव्याचे नऊ दिवस," त्यांची बायको म्हणाली. ती हॉस्पिटलात नर्स आहे, बोलणं इंजेक्शनसारखं. "रजा घ्या, मी घर सांभाळते. पण वर्षानंतर काय ते एक ठरवा. अर्धा नवरा ऑफिसात आणि अर्धा मागच्या खोलीत, असला हिशोब मला नको, अहो."

मला वाटलं, हा महिनाभर लाकूड खरवडेल आणि मग मला फडताळात ठेवून पाहुण्यांना दाखवेल. नवं पातं बसवलं तरी माझं मन बसलं नाही.

शिक्षक म्हणजे दोन गल्ल्या सोडून कारखाना असलेले एक मिस्त्रीकाका. ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "साहेब, लाकडाची उलटतपासणी नका घेऊ. हात फिरवा, रेष कुठं जाते बघा, तिच्या विरुद्ध रंधा मारलात तर लाकूड फाटेल." साहेबांनी हात फिरवायच्या आधी पाचदा माप घेतलं. मग काकांची मोजपट्टी दुसऱ्या मोजपट्टीवर ठेवून पाहिली. काका नुसते खोकले.

आणि त्या स्टुलाची तर गंमतच. चार पाय, वर फळी, सांध्यात सरस घालून सगळं लाकूड दाबून धरणाऱ्या शिकंज्यात आवळलं. काका म्हणाले, उद्यापर्यंत हात लावायचा नाही. काका वळले की हे शिकंजा सैल करून, सांधा किंचित उघडून बघायचे, चिकटलं का? पुन्हा आवळायचे. तासाभरानं पुन्हा. दुसऱ्या दिवशी काका त्या स्टुलावर बसले आणि चारी पाय चार दिशांना गेले. काका जमिनीवर बसल्या बसल्या म्हणाले, "अहो महाराज, सारखं उघडून बघितलंत तर जन्मात चिकटायचं नाही!"

तपासनीस हसले नाहीत. कितीतरी वेळ ते तुकडे हातात घेऊन बसले होते. माझं म्हणाल तर मला त्यांची बाजू थोडी पटत होती. सरसाचा तरी काय भरवसा?

नवीन वस्तू त्यांना शेवटपर्यंत बेताचीच जमली. पण एक दिवस काकांकडे मोडकं टेबल आलं, आणि ह्यांनी लांबूनच सांगितलं, "डावा मागचा पाय आधी गेला. ह्याला वर्षानुवर्षं एकाच बाजूनं ओढलंय." काका चकित झाले. "नवं करणारे शंभर मिळतील हो. मोडलेलं का मोडलं हे इतक्या लवकर मलासुद्धा कळत नाही. तुम्ही दुरुस्त्याच करा की!" तिथून मग घरामागच्या खोलीत मोडक्या खुर्च्या येऊ लागल्या.

अकरावा महिना संपला आणि ऑफिसातून फोन आला, तो ह्यांनी स्पीकरवर घेतला. वरची जागा रिकामी झाली होती. "सोमवारपर्यंत कळवा," त्यांचे साहेब म्हणाले, "तुमच्या तोडीची नजर दुसऱ्या कुणाकडे नाही." फोन ठेवल्यावर हे आरशासमोर जरा ताठ उभे राहिले. मी पाहिलं ना! स्तुती कुणाला नको असते?

त्या दिवसापासून मी डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवली. शुक्रवारी त्यांनी मला पुसलं, तेल लावलं आणि माझा फोटो काढला. संपलंच! फोटो कशाला काढतात? विकायला. शनिवारी शेजारचे आजोबा खुर्ची घेऊन आले. बैठकीची फळी मधोमध खचलेली.

"आपोआप मोडली हो," आजोबा म्हणाले. "मी नुसता बसलो होतो."

धादांत खोटं! फळीवर चपलेच्या टाचेचा ठसा होता. मला दिसला म्हणजे ह्यांना दिसलाच असणार. मी वाट बघत राहिलो, आता विचारतील, आता वही काढतील. ते फक्त म्हणाले, "होतं असं. उद्या घेऊन जा." आणि दुसऱ्या दिवशी खुर्ची परत देताना हळूच म्हणाले, "आजोबा, पुढच्या वेळी बल्ब बदलायचा असला की मला हाक मारा." आजोबांचे कान लाल झाले. दोघंही खो खो हसत सुटले. मला मात्र ते हसणं निरोपाचं वाटलं, कारण त्याच दुपारी त्यांनी ऑफिसचा शर्ट इस्त्रीला काढला.

सोमवारी सकाळी तो शर्ट घालून ते निघाले. बायकोनं दारातून विचारलं, "ठरलं?" ते म्हणाले, "ठरलं." काय ठरलं, ते तिनं विचारलं नाही आणि ह्यांनी सांगितलं नाही. मी बाकावर पडून होतो. मला राग आला, आणि खरं सांगतो, वाईटही फार वाटलं. मिस्त्रींच्या मुलासारखाच हाही निघाला, असं मी स्वतःला बजावत राहिलो.

बारा वाजता ते परतले. आल्या आल्या बायकोला फोन लावला. "राजीनामा हातात देऊन आलो. साहेब विचारत होते, आता करणार काय? मी रंध्याचा फोटो दाखवला." पलीकडून काय उत्तर आलं मला ऐकू आलं नाही, पण हे म्हणाले, "पूर्ण नवरा, हो." मग शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि मला उचललं. माझी इतकी फजिती कधी झाली नव्हती.

ते फळी तासत होते तेवढ्यात लेक दारात आली. शाळा सुटायला अजून दोन तास होते. गुडघा सोललेला, मोज्यावर रक्त.

"सायकलवरून पडले," ती म्हणाली, आणि दाराच्या चौकटीला पाठ टेकून उभी राहिली. अंग चोरून, आता प्रश्न येतील म्हणून.

प्रश्न तर माझ्याच पोटात उसळत होते. शाळेच्या वेळात सायकलवर कशी? कुणाबरोबर? कुठल्या रस्त्यावर? त्यांच्या हाताचा दाब माझ्यावर वाढला. त्यांच्याही मनात तेच होतं, मला कळतं ते. लाकडावर मी अडखळलो.

मग त्यांनी मला बाजूला ठेवलं. "खूप दुखतंय का गं?" त्यांनी विचारलं.

तिनं मान हलवली. त्यांनी पाणी आणलं, तिच्यापुढे जमिनीवर बसून जखम धुतली. ती त्यांच्या डोक्याकडे बघत होती. ते पट्टी बांधत राहिले, वर बघितलंसुद्धा नाही.

"बाबा," ती म्हणाली, "तू विचारत का नाहीस?"

"सांगावंसं वाटलं की सांग."

मग ती तिथंच, त्या ढलप्यांच्या ढिगात, बापाच्या शेजारी बसली आणि बोलू लागली. पहिल्यापासून.